‘सर्व्हर डाऊन’ म्हणण्याआधी पडद्यावरची ओळ वाचा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात महिन्यातून एकदा-दोनदा तरी ‘सर्व्हर डाऊन, नागरिक ताटकळले’ अशी बातमी येते. कधी दाखल्यांची रांग, कधी रेशनची, कधी प्रवेशअर्जाची शेवटची तारीख. ताटकळणारी माणसं खरी असतात, त्यांचा बुडालेला दिवस खरा असतो. त्या बातम्या छापल्याच पाहिजेत. पण ‘सर्व्हर डाऊन’ या दोन शब्दांनी माझ्या डोळ्यांदेखत बरंच नुकसान केलं आहे. ते कसं, हे एकदा सविस्तर सांगावं म्हणून लिहिते आहे. पत्र लांबलं तर राग मानू नये.

मी वाळवा तालुक्यात राहते. गेली १४ वर्षं एक साखर कारखाना, दोन पतसंस्था आणि एक कॉलेज यांचे सर्व्हर बघते. बघते म्हणजे बहुतेक वेळा घरूनच, लांबून लॉगिन करून. स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारी इन्व्हर्टरचा पॉइंट आहे, राउटर तिथेच ठेवलाय, त्यामुळे रात्री-अपरात्री फोन आला की मी ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभ्यानेच काम करते.

पूर्वी एका कामाला एक यंत्र असायचं. आता एकाच दणकट यंत्रावर पाच-सहा व्हर्च्युअल मशीन चालतात, आम्ही त्यांना व्हीएम म्हणतो. जुन्या वाड्यात जशी पाच-सहा बिऱ्हाडं असायची, छप्पर एक पण प्रत्येकाचं दार वेगळं, कुलूप वेगळं, तसंच हे. कारखान्याच्या कॉम्प्युटर रूममधल्या एका यंत्रावर वजनकाट्याचं व्हीएम आहे, शेतकी खात्याचं आहे, अकाउंटचं आहे, स्टोअरचं, हजेरीचं आणि बॅकअपचं आहे. या व्हीएमना स्वतःचा पडदा नाही की कीबोर्ड नाही. आत शिरायचं ते नेटवर्कवरून. लिनक्स असेल तर एसएसएच नावाच्या साधनाने, विंडोज असेल तर रिमोट डेस्कटॉपने. ते दार उघडलं नाही की बाहेरच्याला वाटतं, घरच पडलं.

दार उघडत नाही तेव्हा पडद्यावर एक ओळ येते. ती इंग्रजीत असते, बारीक अक्षरांत असते, आणि बहुतेक लोक न वाचताच खिडकी बंद करतात. माझं सगळं काम त्या ओळीवर चालतं. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ आलं तर समजायचं, हाक मारली पण उत्तरच आलं नाही. हाक वाटेत अडली असेल, फायरवॉलने (परक्यांना अडवणाऱ्या नेटवर्कच्या पहारेकऱ्याने) गिळली असेल, पत्ता चुकला असेल, किंवा यंत्र खरोखर बंद असेल. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर बहुधा यंत्राने स्वतः उत्तर दिलंय की या दारावर कोणी बसलेलं नाही. म्हणजे यंत्र जिवंत आहे, वाट मोकळी आहे, फक्त लॉगिन घेणारी सेवा थांबली आहे. आणि ‘परमिशन डिनाइड’ आलं तर मला हायसं वाटतं. वाट ठीक, यंत्र ठीक, सेवाही जागेवर आहे, फक्त किल्ली किंवा पासवर्ड पटलेला नाही. या तिन्हींचे तपास तीन दिशांना जातात. ऑफिसातून फोन मात्र तिन्ही वेळा एकच येतो: ‘मॅडम, सर्व्हर डाऊन.’

त्यानंतरचा दुसरा प्रश्नही ठरलेला आहे: ‘बंद करून चालू करू का?’

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त भीती घालतो. एका पतसंस्थेत काय झालं ते सांगते. संस्थेचं व्हीएम मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये आहे. गावात सकाळी वीज गेली, आली. ऑफिसचा राउटर पुन्हा चालू झाला आणि इंटरनेट कंपनीकडून त्याला नवा पत्ता (आयपी ॲड्रेस) मिळाला. व्हीएमच्या फायरवॉलला मात्र सांगून ठेवलं होतं की फक्त जुन्या पत्त्यावरून आलेल्यालाच आत घ्यायचं. सुरक्षेसाठी तसं करणं बरोबरच आहे. पण आता आपलेच लोक परके ठरले. फायरवॉल अशा वेळी नकारही कळवत नाही, आलेली हाक नुसती टाकून देते. पडद्यावर आलं ‘टाइम्ड आउट’. फायरवॉलच्या यादीत नवा पत्ता लिहायचा, एवढंच काम होतं. पाच मिनिटांचं.

मी तेव्हा एसटीत होते, फोनला रेंज नव्हती. घाबरलेल्या अधिकाऱ्यांनी डेटा सेंटरच्या पॅनलवर, म्हणजे व्हीएम सांभाळायच्या पानावर, जाऊन व्हीएम बंद करून चालू केलं. आणि तोवर नीट चाललेलं यंत्र तेव्हा खरोखर बंद पडलं. कारण असं: वर्षभरापूर्वी बॅकअपसाठी त्याला एक जादा डिस्क जोडली होती, पुढे खर्च वाचवायला ती काढून टाकली. पण चालू होताना कोणकोणत्या डिस्का जोडायच्या याची यादी एफएसटॅब नावाच्या फाइलीत असते, तिथली तिची ओळ कोणी काढली नव्हती. मधल्या काळात यंत्र एकदाही बंद झालं नव्हतं, म्हणून ती चूक झोपून होती. चालू होताना त्याने त्या नसलेल्या डिस्कची दीड मिनिट वाट पाहिली आणि मग ते इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसलं. तिथे नेटवर्क नाही. रूट खातं, म्हणजे यंत्राचं मालकाचं खातं, कुलूपबंद, त्यामुळे पॅनलच्या कन्सोलमधूनही (यंत्रासमोर बसल्यासारख्या खिडकीतूनही) आत जाता येईना. शेवटी मी त्याची मुख्य डिस्क काढून दुसऱ्या व्हीएमला जोडली, तिथून ती एक ओळ पुसली, डिस्क परत जागेवर लावली. तोवर दुपारचा एक वाजला होता. त्या दिवशी गावचा बाजार होता. ठेव मोडून बियाणं न्यायला आलेल्या बायका पायरीवर बसून होत्या.

त्या ओळीत ‘नोफेल’ हा एक शब्द लिहिलेला असता, तर डिस्क नसली तरी यंत्र पुढे गेलं असतं. आता मी प्रत्येक जादा डिस्कच्या ओळीत तो लिहिते.

‘परमिशन डिनाइड’चीही एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती फार जागी घडते. कॉलेजच्या व्हीएमवर फाइल अपलोड होत नव्हती, म्हणून कोणीतरी इंटरनेटवर वाचून घरच्या फोल्डरला आतल्या सगळ्यासकट ७७७ परवानगी दिली. म्हणजे सगळ्यांना सगळं करायची मुभा. फाइल अपलोड झाली, पण दुसऱ्या दिवसापासून कोणाचीच किल्ली चालेना. एसएसएचचा नियम कडक आहे. किल्ल्यांची यादी जिथे ठेवली आहे तिथे दुसऱ्या कोणाला लिहिता येत असेल, तर त्या यादीवर विश्वास ठेवायचाच नाही. आपण माहेरची किल्ली अशा घरी ठेवू का, जिथे रस्त्यावरचं कोणीही येऊन ती बदलून जाऊ शकतं? मुलांनी आठवडाभर नव्या-नव्या किल्ल्या बनवून पाहिल्या. किल्ली चांगलीच होती. फोल्डरची परवानगी ७०० केली, यादीची ६००, म्हणजे दोन्ही फक्त मालकापुरती, आणि दार उघडलं.

आता ज्या रात्रीमुळे हे पत्र लिहायला बसले, ती रात्र.

गळीत हंगाम जोरात होता, डिसेंबर होता. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी काट्यावरच्या काकांचा फोन. काका आता निवृत्तीला आलेत. माझ्या आधीपासून काट्यावर आहेत. फोनमध्ये मागे ट्रॅक्टरांची धडधड ऐकू येत होती.

“ताई, सर्व्हर डाऊन झालाय. मगाशी पासवर्ड घेतला, आता घेत न्हाई. परत घेतला, परत न्हाई.”

मागून शिफ्टचे साहेब ओरडत होते की याला पासवर्डही नीट टाकता येत नाही, झोपेत टाकतोय. आणि मग नेहमीचं, “मॅडमना म्हणावं बंद करून चालू करतो.”

मी म्हटलं, काका, कुणालाही कशाला हात लावू देऊ नका. पडद्यावर काय आलंय ते अक्षर-अक्षर वाचा. काका अकरावीपर्यंत शिकलेत. त्यांनी एकेक अक्षर वाचलं: “आय, एन, व्ही, ए, एल, आय, डी.” इनव्हॅलिड. म्हणजे यंत्र उत्तर देतंय, प्रोग्राम चालू आहे, डेटाबेस चालू आहे. सर्व्हर मुळीच डाऊन नाही. मग एकच पासवर्ड एकदा बरोबर आणि एकदा चूक कसा?

मी ओट्यापाशी उभी राहून लॉगिन केलं. आत गेले. दोन आज्ञा दिल्या, तिसरीला पडदा गोठला आणि ओळ आली, ‘कनेक्शन रिसेट बाय पिअर’. ही चौथी ओळ. समोरच्या यंत्राने सांगितलंय की तुझं-माझं असं काही बोलणं चालूच नव्हतं. पुन्हा लॉगिन केलं. आत. मिनिटभराने पुन्हा तेच.

आत गेल्यावर ‘अपटाइम’ ही आज्ञा द्यायची मला सवय आहे. यंत्र किती वेळ सलग चालू आहे ते ती सांगते. काही कारण नसतं, दारातून आत गेल्यावर हात देवघराकडे जातो तसं. पहिल्या खेपेला उत्तर आलं होतं, ६१ दिवस. दुसऱ्या खेपेला आलं, ९ तास.

मी तिसऱ्यांदा आत गेले. ६१ दिवस. यंत्राचं नाव तेच, पत्ता तोच, आतल्या फाइली त्याच. पण एकाच यंत्राची दोन वयं असू शकत नाहीत. एकाच पत्त्यावर दोन यंत्रं उत्तर देत होती.

यंत्र ज्याच्यावर चालतं त्या मूळ होस्टच्या पॅनलवर गेले. तिथे नेहमीच्या सहा व्हीएमच्या खाली सातवं दिसलं, नावाच्या शेवटी ‘टेस्ट’. संध्याकाळी पाचच्या सुमारास बाहेरच्या कंत्राटदाराने काट्याच्या व्हीएमची हुबेहूब प्रत काढून चालू केली होती. नवीन प्रोग्रामची चाचणी करायची म्हणून त्याने त्या प्रतीवर वापरणाऱ्यांचे पासवर्ड बदलले होते. काकांचा पासवर्ड खऱ्या यंत्राला पटत होता, प्रतीला पटत नव्हता. कोण उत्तर देतंय ते राउटरच्या एआरपी यादीत (कोणता पत्ता कोणत्या यंत्राचा, ते सांगणाऱ्या यादीत) त्या क्षणी कोणाची नोंद आहे यावर ठरत होतं, आणि ती नोंद सारखी इकडून तिकडे होत होती. माझं बोलणं एका यंत्राशी चालू व्हायचं, मध्येच पुढचं वाक्य दुसऱ्याला जायचं, ते म्हणायचं मी तुला ओळखत नाही. तोच रिसेट.

कंत्राटदाराला वाटलं होतं की प्रतीला नवा पत्ता मिळेल. तसं वाटणं चूक म्हणता येत नाही. प्रत काढताना पॅनल नेटवर्क कार्डाचा नंबर नवा देतं. पण या उबुंटूमध्ये (लिनक्सचाच एक प्रकार) यंत्र पत्ता मागताना कार्डाचा नंबर पुढे करत नाही, मशीन-आयडी नावाच्या एका छोट्या फाइलीवरून तयार झालेली ओळख पुढे करतं. प्रतीत ती फाइल जशीच्या तशी आलेली. राउटरच्या लेखी जुनाच भाडेकरू परत आला, त्याने जुनीच खोली दिली. काट्याच्या यंत्राचा पत्ता हाताने बांधून ठेवलेला नव्हता, राउटरकडून मिळत होता. वर्षानुवर्षं तोच मिळत आल्यामुळे कोणाला खटकलं नव्हतं. मलाही नाही. ते माझं काम होतं आणि मी ते केलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला त्या रात्री फार लागली. एसएसएच हे साधन १९९५ मध्ये फिनलंडमध्ये तातू इल्योनेन यांनी लिहिलं. त्यांच्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठातल्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड चोरून ऐकत असल्याचं उघड झालं होतं, त्यावरचा हा उपाय. यात प्रत्येक यंत्राला स्वतःची एक ओळखीची किल्ली असते. त्याच पत्त्यावर दुसरंच यंत्र बसलं तर पडद्यावर मोठ्या अक्षरांत इशारा येतो, की समोरच्याची ओळख बदलली आहे. पण आमच्या प्रतीत ती किल्लीसुद्धा हुबेहूब आलेली होती. मी नऊ तासांच्या तोतयाशी बोलत होते आणि इशारा द्यायला काही शिल्लकच नव्हतं. एरवी हा इशारा येतो तेव्हा लोक काय करतात? न वाचता जुनी नोंद पुसतात आणि ‘यस’ टाइप करून पुढे जातात. ते बघितलं की माझा जीव कळवळतो.

प्रत मी बंद केली नाही, पुसली तर मुळीच नाही. पॅनलमधून फक्त तिची नेटवर्कची वायर काढली, म्हणजे पडद्यावरच्या एका चौकटीत खूण केली. खऱ्या यंत्राचं उत्तर स्थिर झालं. काकांना म्हटलं, आता टाका पासवर्ड. त्यांनी टाकला, घेतला. तीन वाजून पाच मिनिटांनी पहिली उसाची गाडी काट्यावर चढली.

प्रत का पुसली नाही, ते सकाळी सगळ्यांना कळलं. काट्याचा प्रोग्राम प्रत्येक पावतीला नवीन कनेक्शन घेतो. रात्रभरातल्या १७ पावत्या खऱ्या यंत्रात नव्हत्याच, त्या प्रतीत जाऊन बसल्या होत्या. आणि दोन्हीकडे पावतीचे क्रमांक आपापले पुढे सरकत गेल्यामुळे एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या, दोन वेगळ्या शेतकऱ्यांच्या नावावर. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, ते या पावतीवरच्या वजनाने. दोन वाजता ‘बंद करून चालू’ केलं असतं, तर ६१ दिवसांचा तो आकडा पुसला गेला असता, गोंधळ थोडा वेळ मिटल्यासारखा वाटला असता, आणि आणखी किती पावत्या कुठे गेल्या असत्या कुणास ठाऊक.

जुळवाजुळव शक्य झाली ती काकांच्या वहीमुळे. प्रोग्राम पहिल्यांदा अडखळल्यापासून त्यांनी प्रत्येक गाडीचा नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन आणि वेळ निळ्या बॉलपेनने वहीत लिहून ठेवली होती. कोणी सांगितलं नव्हतं. सतराच्या सतरा पावत्या त्या वहीवरून लागल्या. ज्या माणसाला रात्री सगळ्यांदेखत झोपेत पासवर्ड टाकतो म्हणून बोल लावला, त्याने शेतकऱ्यांचं वजन वाचवलं. साहेबांनी नंतर त्यांना चहाला बोलावून माफी मागितली, हेही नोंदवते.

त्यानंतर मी माझ्या सगळ्या ठिकाणी काही गोष्टी बदलल्या. होस्टच्या पॅनलवरून प्रत्येक व्हीएमचा कन्सोल उघडता येतो. तो म्हणजे त्या यंत्रासमोर पडदा-कीबोर्ड लावून बसल्यासारखं, नेटवर्क नसलं तरी चालतं. त्याचा पासवर्ड आता फक्त माझ्या डोक्यात नाही. सीलबंद पाकिटात, सहीसह, संस्थेच्या तिजोरीत आहे. पाकीट फोडलं की वहीत नोंद करायची आणि पासवर्ड बदलायचा. एसएसएचच्या किंवा फायरवॉलच्या सेटिंगला हात लावायचा असेल, तर आधीची लॉगिन खिडकी उघडी ठेवते आणि दुसऱ्या नव्या खिडकीतून आत जाता येतंय हे बघितल्याशिवाय पहिली बंद करत नाही. सेवा पुन्हा चालू केली तरी आधीची खिडकी तुटत नाही, हे फार जणांना ठाऊक नसतं. फायरवॉल बदलताना पाच मिनिटांचा गजर लावते: मी थांबवला नाही तर जुने नियम आपोआप परत यावेत. आपणच कुलूप लावून आपणच बाहेर राहिलो, असं माझ्या ओळखीच्या प्रत्येकाचं एकदा तरी झालेलं आहे. प्रत काढली की मशीन-आयडीची फाइल रिकामी करायची आणि ओळखीच्या किल्ल्या नव्याने बनवायच्या, मगच नेटवर्कला जोडायची.

घड्याळाचंही सांगते. कॉलेजचं एक व्हीएम दिवाळीत गोठवून ठेवलं आणि सुट्टीनंतर पुन्हा जागं केलं. त्याच्या लेखी अजून सुट्टी लागायची होती. लॉगिनला पासवर्डबरोबर मोबाइलवरचा सहा आकडी कोड लागतो आणि तो कोड दर ३० सेकंदांनी घड्याळावरून बदलतो. कॉलेजच्या मॅडम बिचाऱ्या आकडे टाकत राहिल्या, यंत्र नाही म्हणत राहिलं. सर्ट-इनने (सायबर सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संस्थांना घड्याळं जुळवून ठेवायला आणि लॉग, म्हणजे यंत्राच्या नोंदी, १८० दिवस जपायला सांगितलं आहे. लोक त्याला कागदी कटकट समजतात. लॉगिन कोणी, कधी, कुठून केलं आणि का नाकारलं गेलं, हे सगळं त्या लॉगमध्ये लिहिलेलं असतं. घड्याळ चुकलं की तो पुरावाही चुकतो.

संस्थांच्या संचालकांना माझं हात जोडून सांगणं आहे. सर्व्हरचा करार करताना किंमत आणि हमीची वर्षं तुम्ही बघता. त्याबरोबर हेही लिहून घ्या की लॉगिन बंद पडलं तर कन्सोल कोणाकडे, पाकीट कुठे, आणि कंत्राटदाराने नवीन व्हीएम उभं करण्याआधी कोणाला कळवायचं. सगळं एका माणसाच्या मोबाइलवर ठेवू नका. तो माणूस मी असले तरी ठेवू नका. मी आजारी पडू शकते, एसटीत असू शकते.

आणि संपादक महोदय, आपल्याला एक विनंती. आपले बातमीदार अशा रांगेत जातात तेव्हा त्यांनी खिडकीतल्या माणसाला एवढंच विचारावं, की पडद्यावर कोणती ओळ आहे? आणि ती जशीच्या तशी छापावी. ‘पासवर्डची मुदत संपल्याने लॉगिन बंद’ असं छापून आलं तर ते काम कोणाचं, हे दुसऱ्या दिवशी विचारता येतं. ‘सर्व्हर डाऊन’ छापलं की कोणालाच काही विचारता येत नाही. खिडकीतल्या माणसाकडे मात्र सगळी रांग डोळे वटारून बघते. त्याच्या हातात काहीच नसतं, वाचून दाखवण्याखेरीज.

काट्याच्या केबिनमध्ये काचेशेजारी आता एक कागद चिकटवला आहे. त्यावर मी या चार ओळी मराठी अक्षरांत मोठ्या लिहिल्या आहेत, प्रत्येकीपुढे तिचा अर्थ आणि कोणाला फोन करायचा ते. मागच्या आठवड्यात काकांचा फोन आला, “ताई, रिफ्यूज्ड आलंय, टाइम आउट न्हाई.” एवढ्यावरून मला कळलं कुठे बघायचं. सेवा थांबली होती, चार मिनिटांत चालू झाली. तो कागद ज्या संस्थेला हवा असेल तिला मी पाठवीन. माझा पत्ता आणि फोन आपल्या कार्यालयात दिलेला आहे, तो छापू नये, पण विचारणाऱ्याला द्यायला माझी हरकत नाही.

आपली,
एक वाचक आणि सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर,
ता. वाळवा, जि. सांगली